विसाव्या पाकिटातलं बी

माझी माय बी चावून बघते. ज्वारी असो, तूर असो, घरात ठेवायचं बी वाळलं की नाही हे ती दातांनी ठरवते. एक दाणा दाढेखाली धरायचा. कटकन फुटला तर वाळला, दबला तर अजून एक दिवस ऊन दाखवायचं. मग राखेत कालवून मडक्यात भरायचं. लहानपणापासून मी हे बघत आले आहे. त्यात भिण्यासारखं काही असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

आमचं गाव आष्टी तालुक्यात आहे आणि आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. दुसऱ्या वर्षाला वनस्पतिशास्त्राच्या प्रात्यक्षिकासाठी कॉलेजच्या बागेतल्या वीस झाडांच्या बिया आणि शेंगा जमवायच्या होत्या. प्रत्येकीचं कागदी पाकीट करायचं, त्यावर झाडाचं नाव आणि जागा लिहायची. मॅडमनी बजावलं होतं, "तोडलं की तिथंच उभं राहून लिहा. घरी गेल्यावर आठवू म्हणाल तर आठवणार नाही."

एकोणीस पाकिटं मी तशीच केली. गोकर्ण, गुलबक्षी, शंकासुर, बहावा. विसाव्याच्या वेळी एसटीची वेळ झाली होती. माळीकाकांनी छाटणी करून कॉलेजच्या फाटकाजवळ ढीग लावला होता. त्यात मला दोन शेंगा दिसल्या. देठाशी जोडलेल्या, बैलाच्या शिंगांसारख्या दोन बाजूंना फाकलेल्या, वाळलेल्या, पण अजून न तडकलेल्या. कोणत्या झाडाच्या ते विचारायला थांबले असते तर गाडी गेली असती. मी त्या पाकिटात घातल्या आणि वर लिहिलं, "अनोळखी". उन्हात ठेवल्यावर तडकतील, मग आतलं बी बघून ओळखू, असं मनाशी म्हटलं. त्या बागेत चाफा होता, कण्हेर होती, आणि जाड खोडाची, गुलाबी फुलांची अडेनियमची कुंड्यांतली झाडंही होती. त्यातली काही विषारी आहेत हे आम्हाला वर्गात शिकवलं होतं. मी ते वहीत उतरवूनही घेतलं होतं.

माय आणि आण्णा, म्हणजे माझे वडील, ऊसतोडीहून परत येऊन आठवडाच झाला होता. त्या रविवारी दुपारी मी सगळी पाकिटं उघडून सुपात ऊन द्यायला ठेवली आणि टँकर आला म्हणून घागरी घेऊन गेले. आण्णा शेतात गेले होते.

परत आले तेव्हा माय सूप पुढ्यात घेऊन बसली होती. शिंगांसारख्या शेंगा दिसत नव्हत्या. त्यांच्या जागी चिमूटभर तपकिरी बी होतं, लख्ख साफ केलेलं.

"हे कशाचं बी गं?" माय म्हणाली. "लई कडू हाय."

माझ्या हातातली घागर मी खाली ठेवली की सोडली, ते आता आठवत नाही. पाणी मात्र सांडलं.

"माय, तू खाल्लंस?"

"खाल्लं न्हाई. चावून बगितलं. वाळलंय की न्हाई."

"गिळलंस का?"

"थुकलं की. गेलं आसंल उलिसं, कणभर."

"दुसरं कोणतं चावलंस?"

"त्ये कावून चावू? बहावा काय, गुलबक्षी काय, मला वळखू येत न्हाई व्हय? हेच तेवढं वळखीचं न्हवतं."

शेंगा कुठं आहेत विचारलं तर तिनं चुलीकडं बोट केलं. टरफलं वाळलेली, पाणी तापवायला बरी, म्हणून तिनं ती जाळली होती. बी तळहातावर चोळून, फुंकून, सुपानं पाखडून तिनं माझ्यासाठी स्वच्छ करून ठेवलं होतं. पोरीचं कॉलेजचं काम, त्यात कचरा नको.

मॅडमना फोन लावला. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आधी दवाखान्यात निघ. जाता जाता बोलू."

शेजारच्या काकू दारात येऊन उभ्या होत्या. "कालेजात जाऊन आयेला बी चारायला शिकलीस व्हय?" त्या म्हणाल्या. पण म्हणता म्हणताच त्यांनी मायच्या पायात चप्पल सरकवली आणि रस्त्यावरची जीप हात करून थांबवली.

जीपमध्ये मी उरलेलं बी कागदात धरून बसले होते. मॅडमनी फोटो मागवला. रस्ता खराब, सगळे फोटो पुसट येत होते. मॅडम म्हणाल्या, "यावरून मी सांगणार नाही. अशा वेळी अंदाज करायचा नसतो. बियांना काय चिकटलेलं होतं? कागदासारखा पातळ पंख असेल तर चाफा. मातकट केसांचा झुबका असेल तर कण्हेर किंवा अडेनियम, आणि मग डॉक्टरांना लगेच सांग, हृदयावर परिणाम होतो."

मी मायला विचारलं, "बियांना केस होते का पंख?"

"कायतरी व्हतं. भुसकट व्हतं. म्या उडवलं."

तिच्या कपाळावर घाम होता. जीपमध्ये सगळ्यांच्याच कपाळावर होता. मी तिचं मनगट धरलं आणि ठोके मोजू लागले, पण मला माझेच ठोके ऐकू येत होते. मोजणी चुकायची, मी पुन्हा एकपासून सुरू करायचे. मग मायला उलटी झाली. तिला जीप नेहमीच लागते. कारखान्याला जातानाही ट्रकमध्ये ती दर वेळी ओकते. पण ही उलटी जीपची की बियाची, हे मला कोण सांगणार होतं?

मी आण्णांना फोन केला. त्यांना समजावताना मी दोनदा रडले. ते फक्त म्हणाले, "भुसकट कुटं टाकलं तिनं?"

मायनं माझ्या हातातून फोन घेतला. "आंगणातच पाखडलं. वारं काट्यांच्या कुपाटीकडं व्हतं."

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "कशाचं बी?"

"माहीत नाही."

"उलटी झाली?"

"झाली. पण तिला गाडी लागते."

त्यांनी माझ्या दप्तराकडं पाहिलं. ते मी कशासाठी आणलं होतं कोण जाणे. "कॉलेजात काय शिकता?"

"वनस्पतिशास्त्र," मी म्हणाले. माझ्या आयुष्यात तो शब्द मी इतक्या हळू कधी उच्चारला नव्हता.

त्यांनी मायच्या छातीला वायरी लावल्या, ईसीजीची पट्टी काढली, पुन्हा अर्ध्या तासानं काढू म्हणाले. माय पलंगावर पडून वरचा पंखा बघत होती. "म्या मरतीया का गं?" तिनं अगदी साधेपणानं विचारलं, जशी ती पाणी आलं का विचारते. मी "नाही" म्हणाले. माहीत नसताना म्हणाले. पाकिटावर निदान "अनोळखी" असं खरं तरी लिहिलं होतं.

आण्णांचा फोन आला.

"कुपाटीच्या काट्याला कायबाय आडकलंय. म्हाताऱ्या हायत्या."

म्हातारी म्हणजे वाऱ्यावर उडणारं केसाळ बी. मग ते कण्हेर किंवा अडेनियम असू शकत होतं. "आण्णा, केस कसले आहेत? पांढरे का मातकट?"

"पांढरेफेक. आपल्या बांधावरच्या रुईच्या हायत्या, मला काय वळखू येईनात व्हय? दुसरंबी हाय. कांद्याच्या पापुद्र्यावाणी."

"त्याला बी आहे का? एखाद्याला तरी?"

ते गुडघ्यावर बसून काट्यांत बोटं घालत होते हे मला इथं दिसत होतं.

"हाय. येकाला हाय. बी चपटं, आन् त्याच्या येका अंगाला पापुद्रा. मातकट केस कुटंच न्हाईत. समदी कुपाटी बगितली."

मागं घरीच राहिलेल्या काकूंच्या फोनवरून त्यांनी फोटो पाठवला. आण्णांच्या तळहातावर तो पंख असलेला दाणा होता, आणि शेजारी काट्यानं ओरखडलेलं बोट. मी तो मॅडमना पाठवला आणि त्यांचा लगेच फोन आला. "चाफा आहे. पंख स्पष्ट दिसतोय."

"मॅडम, चाफ्याचं बी कडू असतं का?"

"मी कधी चावून पाहिलेलं नाही गं," त्या म्हणाल्या. "चाफ्याचा चीकही चांगला नसतो. डॉक्टर सोडत नाहीत तोवर तिथून हलू नकोस."

डॉक्टरांनी नाव ऐकलं, मान डोलावली, आणि तरीही मायला दिवस मावळेपर्यंत ठेवून घेतलं. तीन पट्ट्या सारख्याच आल्या. निघताना मायनं त्यांना विचारलं, "डाक्टरसाहेब, याचं रोप हुईल का?" ते हसले. मला हसू आलं नाही.

प्रात्यक्षिकाच्या वहीत विसाव्या पाकिटापुढं मी "चाफा" लिहिलं. जागा या रकान्यात लिहिलं, "छाटणीचा ढीग, झाड पाहिलेलं नाही." मॅडमनी त्याखाली रेघ ओढली. एक गुण गेला. तो जायलाच हवा होता.

माय अजून बी चावते. ती सवय सुटणार नाही. पण आता कुणाकडून वेगळं काही आणलं की आधी माझ्यासमोर हात उघडते. परवा बाजारातून कसलं तरी काळं, चपटं बी घेऊन आली. "हे दाताखाली धरू का?" म्हणाली आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मी तो दाणा उन्हात धरला, उलटा केला, नखानं खरवडला. घेवड्यासारखा वाटत होता. वाटत होता, एवढंच.

"थांब," मी म्हणाले. "मला माहीत न्हाई."

तिनं मूठ मिटली आणि बी तसंच कागदात बांधून मला दिलं.