बदलवहीतली कोरी जागा

नाना गेल्याचा निरोप जळगावहून त्यांच्या पुतण्याने फोनवर दिला, तेव्हा मी धुळ्याच्या कचेरीत नानांच्याच खुर्चीत बसलो होतो. त्याला दीड महिना झाला. तेव्हापासून ही खुर्ची मला टोचते आहे, आणि का टोचते ते आज एकदाचं सांगून टाकायचं आहे.

आमचं काम परीक्षांचे निकाल कॉम्प्युटरवर तयार करण्याचं. यशवंतनाना आमचे वरिष्ठ. खोलीत दोन मशीनं होती; खिडकीजवळचं कच्चं, म्हणजे चाचणीपुरतं; दाराजवळचं पक्कं, खरे निकाल त्यावरून निघायचे. प्रोग्रॅममध्ये कुठलाही बदल आधी कच्च्यावर करायचा, जुन्या निकालांशी ताडून बघायचा, मग नानांच्या बदलवहीत नोंद करायची... काय बदललं, का बदललं, कोणी केलं, कोणी तपासलं. दोन्ही सह्या झाल्या की मगच फ्लॉपी पक्क्या मशीनकडे जायची. आधीची प्रत कपाटात कुलूपबंद. बदल अंगाशी आला तर मागे फिरता यावं म्हणून. मी चेष्टा करायचो, "नाना, घरी भाजीत मीठ वाढवताना काकूंची सही घेता का?" नाना म्हणायचे, "घेत नाही ना, म्हणून तर खारट होते."

एका उन्हाळ्यात, निकाल दोन दिवसांवर आलेला असताना, त्यांची आई जळगावला अत्यवस्थ झाली. तोंडी परीक्षेच्या गुणांचा एक नियम नुकताच बदलून आला होता. निघताना नानांनी वहीतल्या पुढच्या ओळीत तपासणाऱ्याची सही आधीच करून ठेवली. असं त्यांनी कधीच केलं नव्हतं. "तू तपासशील, मला माहीत आहे. नाव तेवढं घाल," म्हणाले. बदल मी केला, पण तपासला नाही. दोन ओळींचा तर बदल, त्यात काय तपासायचं, अशी मस्ती. फ्लॉपी थेट पक्क्यात घातली. नाव घालायचंही राहिलं.

काही मुलांचे तोंडी गुण बेरजेत आलेच नाहीत. चूक सापडायला आठ दिवस गेले. कपाटातल्या जुन्या प्रतीवर तोच बदल नीट करून निकाल दुरुस्त झाला, पण साक्रीकडच्या एका मुलीला नापास समजून घरच्यांनी तिचं शिक्षण थांबवलं होतं. नवी गुणपत्रिका घेऊन नाना स्वतः एस.टी.ने गेले, मला सोबत नेलं. तिचे वडील म्हणाले, "आते सांगीसन काय फायदा भाऊ? पोरनं लगीन ठरी गयं." लग्न ठरलेल्या त्या मुलीने गुणपत्रिका वाचली, नीट घडी घातली आणि वडिलांच्या हातात परत दिली. ती घडी मी विसरू शकलेलो नाही.

साहेबांनी विचारलं, बदल कोणी केला? मी समोरच उभा होतो. नाना म्हणाले, "सही माझी आहे." त्यांना टपालाच्या टेबलावर बसवलं, खुर्ची मला मिळाली. निवृत्त होईपर्यंत आम्ही रोज एकत्र डबा खाल्ला. त्यांनी कधी विषय काढला नाही, आणि मी भित्रा, रोज गप्प राहिलो.

गेल्या रविवारी जळगावला काकूंना भेटायला गेलो. त्यांनी ती जुनी, भरलेली बदलवही आणून दिली. "जपून ठेवली होती त्यांनी. म्हणायचे, त्याचं एक काम राहिलंय यात."

मी ती ओळ शोधली. 'कोणी केलं' हा रकाना इतकी वर्षं कोराच होता... काकूंकडून पेन मागून घेतलं आणि तिथे माझं नाव लिहिलं. शेजारी तपासणाऱ्याची सही आधीच होती.