ज्वारीवर ताणलेली फीत

मित्रांनो, आज सकाळी रेणापूरजवळच्या आमच्या शेतात गेलो, तर ज्वारीच्या कणसांवर काळपट फीत ताणलेली दिसली. वाऱ्यानं ती घुमत होती.

"कॅसेटची फीत हाय," बाबा म्हणाले. "पाखरं दाणा ठिवंनात. पेटीत जुनी कॅसेट होती, ती उसवली. आता बघ, एक चिमणी बसंना!"

मी बांधावरच बसलो.

ती सुनीलकाकांची कॅसेट होती. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, गेल्या वर्षी वारले. हेवी मेटल हे दणदणीत इंग्रजी संगीत जिथून सुरू झालं म्हणतात, तो अल्बम त्यांनी लातूरहून कॅसेटवर भरून आणला होता. जड, संथ गिटार. बाबा त्याला "रेड्याचं रडणं" म्हणायचे, त्यामुळं त्यांनी कॅसेट कधी शेवटपर्यंत ऐकलीच नाही.

शेवटच्या कोऱ्या फितीवर काकांनी स्वतः वाजवलेली गिटार भरली होती. मग त्यांचा आवाज येतो, "दादा, हे मी वाजवलंय. आवडलं का?"

वर्षश्राद्धाला मी ते बाबांना ऐकवणार होतो.

अल्बम मोबाईलवर मिळतो, पण काकांचं वाजवणं दुसरीकडं कुठंच नाही. फितीचे तुकडे करून बाबांनी गाठी मारल्यात.

बाबा खूश आहेत. तुम्ही त्यांना सांगितलं असतं का?