घाबरू नको म्हणणाऱ्या आम्ही दोघी

लग्नानंतर आठवडाभरात मी शिरपूरच्या स्टँडवरून जळगावला निघाले. नवरा, संदेश, खोली लावायला आधीच पुढे गेला होता. माझ्या वडिलांनी, आबांनी, गॅसची शेगडी माझ्या सीटखाली सरकवली आणि उगाच कंडक्टरशी बोलत उभे राहिले, कारण माझ्याशी बोलले असते तर रडले असते. आई खिडकीखाली होती. ती आमच्या गावात अंगणवाडी सेविका. गरोदर बायांना लोहाच्या गोळ्या देताना जे म्हणायची, तेच मला म्हणाली, "घाबरू नको. बठ्ठं बराबर व्हई जाई." आमच्या अहिराणीत, सगळं ठीक होईल.

शिरपूर ते जळगाव म्हणजे काही परदेश नाही. सुरतला आणि पुण्याला गेलेल्या माझ्या मैत्रिणी हे वाचून हसतील. पण अमळनेर मागे पडलं आणि मी ओढणी तोंडात धरून रडले, हे खरं आहे.

जळगावात मेहरूणच्या तलावाजवळ दोन खोल्या मिळाल्या. संदेशची नोकरी भुसावळला, माझी जळगावातल्या एका लॅबमध्ये. लॅब टेक्निशियन म्हणजे दिवसभर लोकांच्या दंडाला पट्टा बांधायचा आणि म्हणायचं, "मूठ आवळा, घाबरू नका, मुंगी चावल्यासारखं वाटेल." गावात अहिराणी बोलणारी मी इथे पुस्तकातली मराठी बोलू लागले. वाक्य मात्र आईचंच होतं.

दोन वर्षांनी दिवस गेले, आणि ते वाक्य माझ्यावर चालेना.

सगळ्यांना वाटायचं, हिला काय, रिपोर्ट वाचणारीच आहे ही. पण रिपोर्ट वाचता येतात म्हणूनच भीती जास्त होती. हिमोग्लोबिन जरा खाली आलं की मी त्या आकड्याकडे अर्धा तास बघत बसायची. स्वप्नात माझं बाळ नमुन्यांच्या रॅकमध्ये असायचं आणि मी त्याच्यावर दुसऱ्याच बाईचं लेबल लावलेलं असायचं. लहानपणी मी जोडकेळी हौसेने खायची, ती खाल्ली की जुळं होतं असं कोणीतरी म्हटलेलं आठवलं, आणि सोनोग्राफीच्या वेळी डॉक्टरबाईंना मी विचारलं, "एकच आहे ना, नक्की?" त्यांनी स्क्रीनकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाल्या, "मला तरी एकच दिसतंय."

यातलं काही मी आईला सांगितलं नाही. सगळ्यात मोठी भीती तर संदेशलाही सांगितली नव्हती. मला बाळाबद्दल अजून माया वाटत नव्हती. वाटायची ती फक्त काळजी. पुढेही माया वाटलीच नाही तर?

सातव्या महिन्यात एका दुपारी बाळ हललं नाही. मी डाव्या कुशीवर झोपले, गूळपाणी प्यायले, पोटावर टिचक्या मारल्या. काहीच नाही. संदेश ड्यूटीवर होता, त्याचा फोन लागेना. समोरच्या अक्कांना हाक मारली. साठीच्या अक्का चुलीवरची भाकरी तशीच टाकून आल्या आणि रिक्षा थांबवून मला दवाखान्यात घेऊन गेल्या. रिक्षातून मी आईला फोन केला. ती म्हणाली, "घाबरू नको," आणि पुढचं वाक्य तिला सुचलंच नाही. फोन बंद झाला.

डॉक्टरबाईंनी पोटावर मशीन ठेवलं. आधी नुसती खरखर आली. मग घोडा पळावा तसे ठोके. बाळ झोपलं होतं. अक्कांनी माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटं पांढरी पडली होती. मी रडले आणि लगेच हसू आलं, कारण त्या आवाजाने जागं होऊन बाळाने मशीनलाच लाथ मारली.

संध्याकाळी आई दारात उभी. अंगणवाडीच्या युनिफॉर्मची साडी तशीच अंगावर, हातात पिशवीसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती भरताची वांगी भाजत होती. मी म्हटलं, "आई, मला या बाळाची फक्त भीती वाटते. माया वाटत नाही."

तिने वांगं फिरवलं आणि म्हणाली, "तू दोन महिनानी व्हती. तुले चक्कीवर पोत्यावर निजाडं, पीठ लिधं नि घर निघी उनू."

"मला तिथेच ठेवून घरी आलीस?"

"हा. इसरी गऊ."

"मग?"

"मंग काय. पयनू. तू तठेच झोपेल व्हती. बठ्ठं आंग पीठनं भरेल."

ती तशीच चक्कीकडे पळत सुटली होती. आबांना सांगितलंस का, मी विचारलं. तिने मान हलवली. अठ्ठावीस वर्षांत कोणालाच सांगितलं नव्हतं. पोटात असतानाही तिला हीच धास्ती होती, की आपण या पोरीला कुठेतरी विसरून येऊ. "नि माया?" मी विचारलं. ती म्हणाली, पळता पळता आली.

"मग बायांना घाबरू नका असं का सांगतेस?"

"ट्रेनिंगमा तेच शिकाडं." आणि ती स्वतःच हसली.

मुलगी झाली, पावणेतीन किलोची. माया पहिल्या दिवशी आली नाही. पंधरा दिवसांनी, ती जांभई देत असताना आली, आणि मला ते लगेच कळलं. दरम्यान आईने गावातल्या बैठकीत बायांना पहिल्यांदाच विचारलं, कसली भीती वाटते. गोळ्या वाटायच्या राहिल्या, इतका वेळ बाया बोलत बसल्या. मीही लॅबमध्ये आता मुंगीचं सांगत नाही. "दुखेल थोडं," म्हणते. लोक उलट शांत बसतात.

कुठल्या तुम्ही, असं कोणी विचारलं की मी अजून शिरपूरचं नाव घेते. पण सुट्टीत गावाला गेले की चौथ्या दिवशी आईला म्हणते, आता घरी जाते. पहिल्यांदा असं म्हटलं तेव्हा आम्ही दोघी थबकलो होतो. आता नाही थबकत.

गेल्या महिन्यात आमच्या वरच्या मजल्यावर धुळ्याची एक मुलगी राहायला आली. पाचवा महिना. परवा दुपारी दारात येऊन घुटमळली.

"ताई, हसणार नाही ना?"

"हसू आलं तर दोघी हसू," मी म्हटलं, "बस."

ती पंख्याखाली बसली, पाय लांब केले आणि सांगायला लागली.