राखीव जागा

आमच्या गावात राखीव म्हणजे पक्कं. सरपंचपद बाईसाठी राखीव झालं की ते बाईलाच मिळतं. गाडीत जागा राखीव असली की तिथे बसलेल्या माणसाला हक्काने उठवता येतं. घरी फोन करून "आबा, माझी राखीव म्हणून निवड झाली" असं सांगितलं, तेव्हा हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. शास्त्रज्ञ म्हणवते मी स्वतःला. एकेक शब्द तपासून वापरायची सवय आहे, निदान कागदावर तरी.

अंतराळात जाणाऱ्या प्रत्येकामागे आणखी एक माणूस तयार ठेवतात. तो तेच शिकतो, त्याच परीक्षा देतो, त्याच्याही मापाचा पोशाख शिवतात. पुढचा माणूस आजारी पडला तरच तो जातो, नाहीतर राहतो. या माणसाला मराठीत काय म्हणावं ते मला पटकन सुचलं नाही, म्हणून मी राखीव म्हणाले. आबा म्हणाले, "म्हंजी जागा धरून ठिवली तुजी?" मागे आई भाकरी थापत होती, तो आवाज मला ऐकू येत होता. मी म्हणाले, "व्हय, तसंच काहीतरी." त्या 'तसंच काहीतरी'ला मी आजही शिव्या घालते.

बेगडेवाडी स्टेशनपासून आमचं घर चालत अर्ध्या तासावर. भातशेती. पेरणीच्या आधी आई मूठभर भात ओल्या गोणपाटात बांधून ठेवायची, बियाणं उगवतं की नाही ते बघायला. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती गोणपाट उलगडायची आणि मी शेजारी उकिडवी बसून बघायची. दाणा उलटा पडो, आडवा पडो, मूळ आपलं वळून खालीच निघालेलं. मी आईला विचारलं, "ह्याला खाली कुटं ते कसं कळतं गं?" ती म्हणाली, "तुला भूक लागली हे काय मी सांगते का? कळतं आपसूक."

मला ते उत्तर पटलं नाही. त्याच प्रश्नामागे मी तळेगावची शाळा, पुण्याचं कॉलेज आणि नंतर परदेशातली प्रयोगशाळा अशी फिरत राहिले. मुळाच्या टोकाशी बारीक जड कण असतात, ते तळाला बसतात, त्यावरून मुळाला खालची बाजू कळते. आता जिथे खाली असं काही नसतंच, तिथे मूळ काय करेल? ते बघायला आम्ही जेवणाच्या डब्याएवढ्या पेटीत भाताची रोपं घालून यानातून पाठवली. म्हणजे माझ्याआधी आमचं भात वर जाऊन आलं. पेटी उघडून फोटो काढायचं काम वर अंतराळात असलेल्या एका गृहस्थाकडे होतं. त्याने ती दोन दिवस उशिरा उघडली आणि फोटो असे काढले की मूळ कुठलं आणि बोट कुठलं तेच कळेना. मी इतकी चिडले की आठवडाभर कुणाशी धड बोलले नाही. दुसऱ्याच्या हातचं काम पसंत न पडणं हा आईचा स्वभाव, तो माझ्यात पुरेपूर उतरला आहे. शास्त्रज्ञांमधून अंतराळवीर निवडायचे आहेत, अशी जाहिरात आली तेव्हा त्याच रागात मी अर्ज भरला. लोकांना वाटतं लहानपणी मी चांदण्यांकडे बघत बसायची. मी गोणपाटाकडे बघत बसायची.

निवडीच्या चाचण्यांमध्ये नाकी नऊ आले. गरगर फिरणाऱ्या खुर्चीत मी दोनदा ओकले. पण एका चाचणीत मी सगळ्यांच्या पुढे होते. एका खोलीत कित्येक दिवस बंद करून ठेवायचे, घड्याळ नाही, खिडकी नाही, बोलायला कुणी नाही. धडधाकट गडी रडकुंडीला येऊन बाहेर पडले. मला काहीच झालं नाही. डॉक्टरांनी कौतुकाने विचारलं, याची तयारी कशी केली? मी हसून वेळ मारून नेली. परक्या गावातल्या माझ्या खोलीत मी इतकी वर्षं तशीच राहत होते, फक्त खिडकी होती, एवढं त्यांना कशाला सांगायचं?

प्रशिक्षण चार वर्षं चाललं. रविवारी घरी फोन करायचा, हा एकच नेम. आबा बाजारात जाऊन सांगायचे, "आमची पोर वर जानार!" आई मागून ओरडायची, "वर जानार काय म्हन्ताय वो, चांगलं दिसतं का?" आमच्याकडे वर गेला म्हणजे माणूस मेला. ती स्वतः 'तिकडं' म्हणायची. तिकडं थंडी असंल का, तिकडं भात मिळंल का. मी अजून जमिनीवरच असताना ती विचारायची, "खाली कवा येनार?" मी वैतागून म्हणायची, आधी जाऊ तर दे.

जिच्यामागे मी राखीव होते ती बाई फार चांगली होती. दोन मुलांची आई, सतत हसतमुख, मला स्वतःच्या घरी जेवायला बोलवायची. आणि तब्येत अशी ठणठणीत की चार वर्षांत साधा ताप नाही. तिला शिंक आली की माझे कान टवकारायचे. हे लिहायची लाज वाटते, पण खोटं कशाला बोलू? तिने वाढलेलं खाताना मी तिच्या घशाकडे बघत असे, आवाज बसलाय का म्हणून.

उड्डाणाच्या आधी दोन आठवडे जाणाऱ्यांना आणि राखीवांना वेगळं ठेवतात, कुठला आजार लागू नये म्हणून. आत गेल्यावर बाहेर पडायचं नाही. पडलात तर परत प्रवेश नाही. तिथे, उड्डाणाला आठ दिवस राहिले असताना, सकाळी माझ्या चुलत भावाचा फोन आला. आई चुलीपुढे बसल्या जागी गेली होती.

अधिकारी मला म्हणाले, तुम्ही ठरवा, जायचं असेल तर आम्ही सगळी व्यवस्था करतो. मी भिंतीकडे तोंड करून बसले आणि हिशेब केला. गेले तरी अंत्यविधीला पोचत नाही. आठ दिवस राहिलेत. आठ दिवसांत कुणालाही ताप येऊ शकतो. मग आबांचा फोन आला. रडून आवाज बसला होता, तरी म्हणाले, "पोरी, तू येऊ नगंस. तुजी जागा हाये तितं. मी सांगतो लोकास्नी." जागा नाही आबा, नुसतं नाव आहे, असं मी तेव्हाच म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, "बरं."

त्या बाईला ताप आला नाही. आठव्या दिवशी ती गेली. मी गच्चीवर उभी राहून बघितलं. आवाज नंतर येतो, आधी नुसता उजेड दिसतो. शेजारी उभे असलेले लोक टाळ्या वाजवत होते, मीही वाजवल्या. दुपारी माझ्या नावाचा पोशाख कुणीतरी पेटीत घालून घेऊन गेलं. मला आईसाठी रडू आलं की माझ्यासाठी, ते मला आजतागायत सांगता येत नाही.

घरी सुतक होतं. टीव्ही बंद. गावात सगळ्यांच्या हातात मोबाईल, त्यामुळे कोण गेलं आणि कोण राहिलं हे सगळ्यांना कळलं होतं, एका आबांना सोडून. त्यांना सांगायला कुणाची जीभ रेटली नाही. दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. तास गेला. भावकीतल्या लोकांनी एकेक करून हात जोडले, आईच्या धाकट्या जावेला सांभाळू म्हणाले, गाय विकणार नाही म्हणाले. कावळे झाडावर बसून राहिले. शेवटी आबा पुढे झाले आणि म्हणाले, "लेक परवाच पोचलीया वर. तितं गाठ पडंल तुजी. जा आता." आणि कावळा खाली उतरला.

हे मला चुलत भावाने फोनवर सांगितलं. पुढे म्हणाला, "ताई, आता तू काय सांगू नगंस त्यास्नी. तेवड्यावर उठून बसल्यात."

मी मूग गिळून गप्प बसले. सहा महिन्यांनी काम संपवून कायमची परत आले. पुण्यात नोकरी धरली आणि तळेगावात भाड्याने फ्लॅट घेतला, घरापासून दोनच स्टेशनं पुढे, इतक्या जवळ, तरी वेगळा. कामाचं निमित्त सांगितलं. खरं कारण आमच्या पडवीतली भिंत. तिथे आईचा हार घातलेला फोटो होता आणि त्याला चिकटून, त्याच उंचीवर, माझा अंतराळवीराच्या पोशाखातला. रस्त्यावर तरुण मंडळाने फ्लेक्स लावला होता, 'गावची कन्या अंतराळवीर, हार्दिक अभिनंदन'. जाऊन आली असं कुठेही लिहिलं नव्हतं. पोरं हुशार. माझ्या छातीवर अंतराळवीराचं चिन्ह आहे, ते खोटं नाही. प्रशिक्षण पुरं झालं की ते मिळतं, गेलात किंवा न गेलात. पण आबांसमोर जेवायला बसले की मी ताटातच बघत असे. ते आपले माझ्याकडे बघत राहायचे. आईला शेवटचं भेटून आलेल्या माणसाकडे बघतात, तसे. विचारत मात्र काही नव्हते.

गेल्या हिवाळ्यात एका मंगळवारी ते म्हणाले, "मला एकदा उंचावरनं दाव. तू काय बघितलंस ते कळंल तरी."

बेगडेवाडीहून आम्ही लोणावळ्याची लोकल धरली. डबा जवळजवळ रिकामा होता. आबा धुतलेली टोपी घालून खिडकीशी बसले आणि कामशेत गेल्यावर एकदम बोलू लागले, आई लग्नानंतर पहिल्यांदा लोणावळ्याला आली तेव्हा चिक्की खाऊन तिचा दात कसा हलला होता ते. स्वतःच हसले. मला वाटलं, आज नको सांगायला. मग वाटलं, आज नाही तर कधीच नाही.

लोणावळ्याहून रिक्षाने खंडाळ्याच्या पॉइंटवर गेलो. शनिवार-रविवार नव्हता, तरी चार-सहा गाड्या होत्याच. कणीसवाल्या मावशी कोळसे फुलवत होत्या. एक जोडपं फोटो काढत होतं, त्यातला मुलगा म्हणाला, "अंकल, थोडा साइड." आबा बाजूला सरकले आणि कठड्याला दोन्ही हातांनी धरून खाली बघत राहिले. खाली एक्स्प्रेसवेवर गाड्या मुंग्यांसारख्या चालल्या होत्या. दरीपलीकडे बोगद्यातून आगगाडी बाहेर आली आणि पुन्हा आत शिरली.

खाली बघतच त्यांनी विचारलं, "वरनं आसंच दिसतं का? ह्याच्यापरीस बारीक?"

मी म्हणाले, "आबा, मला ठावं न्हाई."

त्यांनी मान वळवली.

"मी न्हाई गेले वर. दुसरी बाई गेली. राखीव म्हंजी तसं न्हवं आबा. ती आजारी पडली तर मी, न्हाई तर न्हाई. ती न्हाई आजारी पडली. आय गेली तवाबी मी खालीच व्हते, नंतरबी खालीच. यायला जमलं आस्तं मला, दहाव्याला तरी. मी नाही आले."

शेवटचं वाक्य माझ्या शहरी बोलीत निघालं. त्याचाही मला राग आला.

मला वाटलं ते रागावतील. रागवावं अशी इच्छाच होती माझी. एक सणसणीत शिवी ऐकून मी सुटले असते. ते पुन्हा दरीकडे बघू लागले. जोडपं गाडीत बसून निघून गेलं. मावशींनी "कनीस देऊ का आबा?" म्हणून विचारलं, त्यांनी हातानेच नको म्हटलं.

मग ते सावकाश म्हणाले, "म्हंजी खोटं सांगून धाडली मी तिला. एकलीच गेली ती."

मी "व्हय" म्हणाले.

परतीच्या गाडीत ते टोपी काढून मांडीवर ठेवून बसले. बेगडेवाडीला उतरल्यावर स्टेशनबाहेरच्या टपरीवाल्याने हाक मारली, "काय आबा, लेकीसंगं फिराया? काय म्हन्त्यात वरचं लोक?" आबा थांबले. म्हणाले, "वर न्हाई गेलती ती. राखीव व्हती." टपरीवाल्याने माझ्याकडे बघितलं आणि खाली मान घालून कप विसळू लागला. त्यालाही माहीत होतंच.

घरी पोचल्यावर मी चहा ठेवला. पडवीत स्टूल ओढल्याचा आवाज आला म्हणून बाहेर आले, तर आबा स्टुलावर चढून माझा फोटो खिळ्यावरून काढत होते. मी धरायला पुढे झाले, त्यांनी हात झटकला नाही. फोटो माझ्या हातात देऊन म्हणाले, "जित्या मान्साचा फोटू हितं नगं. कपाटावर ठिव." आणि खाली उतरताना, माझ्या खांद्याचा आधार घेऊन, "जेवून जा," म्हणाले.

मी त्या दिवसापासून तळेगावला परत गेलेले नाही, सामान आणायला गेले तेवढंच. आबा माझ्याशी बोलतात, भाताबद्दल, पाण्याबद्दल. त्या दिवसाबद्दल नाही. खिळा त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. भिंतीवर आता आई एकटीच आहे.