वळणावरचा धूर

त्या काळी मी एका कापसाच्या जिनिंगचा जुना डिझेल ट्रक चालवायचो. तो भकाभका धूर सोडायचा, म्हणून पासिंगच्या आधी मालेगावच्या वळणावरच्या मिस्त्रीकडे नेला. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. इंजिनात डिझेल फवारणारं नोझल साफ करून बसवलं की तो सायलेन्सरच्या तोंडापुढे पांढरं फडकं धरायचा. फडकं काळं झालं की पुन्हा नोझल उघडायचा. असं दुपारपर्यंत चाललं.

शेवटी कंटाळून मी म्हटलं, "राहू द्या ना आता. थोडासाक धूर चालते."

"चालते ना भाऊ. मीबी टरक चालवत होतो. माही बायको धुरावरूनच मले वळखे. या वळणावर काळा धूर दिसला का चुलीवर चहा ठिवे." त्यानं फडकं झटकलं. "आता ते गेली. धूर पाहून कोन चहा ठिवते?"

ट्रक पास झाला. परतताना तो वळणावर उभा दिसला. मी हॉर्न वाजवला, हात केला, पण त्याचं लक्ष नव्हतं. माझ्या मागून येणाऱ्या ट्रकचा काळा धूर तो डोळ्यांवर आडवा हात धरून बघत होता.