ताटाच्या कडेला सारलेलं मटण

लग्न करून दादरहून लालबागला आले तेव्हा मला वरणभाताच्या पुढचं फारसं काही येत नव्हतं. सासूबाई आधीच गेलेल्या. घरात नवरा आणि सासरे, दोघंही पक्के मालवणी खवय्ये. मी हट्टाने मटण शिकले. व्हिडिओ बघून, शेजारच्या काकूंना छळून. मला कुणी कमी लेखलेलं खपत नाही, हा माझा जुना रोग.

बाबांची, म्हणजे सासऱ्यांची ख्याती अशी की नळी चोखल्याशिवाय ते ताटावरून उठत नसत. पहिल्याच वर्षी गणपती झाले, मटण पुन्हा सुरू झालं, आणि बाबांचं काहीतरी बिनसलं. दोन घास चावायचे, थांबायचे, बाकीचे तुकडे ताटाच्या कडेला सारायचे. रस्साभात मात्र निमूट संपवायचे. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

एका रविवारी मी मुद्दाम खानावळीतून मटण मागवलं. तेही त्यांनी कडेला सारलं. खरं तर तेव्हाच माझी ट्यूब पेटायला हवी होती. पण मी खूश झाले, खोटं कशाला बोलू? खानावळवाल्यांचीही जिरली म्हणून.

त्याच दिवसांत बाबांनी केस विंचरणं सोडलं. कंगवा लागला तरी डोकं दुखतं म्हणायचे. सकाळी शर्टाच्या बाहीत हात घालताना खांदे वर जायचे नाहीत. "वय झालं गं त्यांचं," नवरा म्हणाला. मीही मान डोलावली.

मग एका दुपारी ते खालून कॅरम अर्धवट टाकून वर आले. डाव्या डोळ्यापुढे पडदा आला होता, पाचेक मिनिटांनी गेला, आता काही नाही म्हणाले. मी मात्र ऐकलं नाही. मी टॅक्सी केली आणि त्यांना परळच्या हॉस्पिटलात नेलं.

तरुण डॉक्टरबाईंनी त्यांची कानशिलं चाचपली आणि विचारलं, "आजोबा, चावताना जबडा दुखतो?"

बाबांनी आधी माझ्याकडे पाहिलं. "दुखता. जरा थांबलंय की बरा वाटता."

"घरी का नाही सांगितलंत?"

"नवीन सून. तिका वाटला असता, मी तिच्या मटणाक नावां ठेवतंय."

डॉक्टरबाईंनी समजावलं. डोक्याकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्यांना सूज होती. खांदे, कंगवा, जबडा, सगळं त्या एकाच दुखण्याचं होतं. आणखी थोडे दिवस काढले असते तर डोळा कायमचा गेला असता. तपासण्यांची वाट न बघता त्यांनी स्टेरॉइड सुरू केलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कडेचे तुकडे मी दर वेळी मोजत होते, आणि माणसाकडे एकदाही नीट बघितलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात बाबा केस चापून विंचरून जेवायला बसले. मी मटण वाढलं आणि ओट्याशी उभी राहिले. त्यांनी एकही तुकडा सोडला नाही. शेवटी नळी चोखली, बोटं चाटली आणि घसा खाकरला.

"गो, राग येवचो नाय तर सांगतंय. तुझा मटण जरा कच्चाच रवता. दोन शिट्ट्ये जास्त काढ."

मी घाईघाईने कुकरकडे वळले आणि पदराने डोळे पुसले.

"रडतंस कित्याक?" मागून बाबा म्हणाले. "माका दिसता सगळा."