मनोऱ्याखालचं झाड

एकट्या ड्रुसिला पार्डीची सही राहिली होती. पॅकर्स बाईट या खाडीकाठच्या गावातल्या एकवीस घरांपैकी वीस घरांनी गाव हलवायच्या सरकारी कागदावर नावं घातली होती. सगळं गाव उठलं तरच खाडीपलीकडच्या नव्या गावात घरं मिळणार, दवाखाना मिळणार, दिवे मिळणार. आणि ही सत्तावन्न वर्षांची, लेक सासरी गेल्यावर एकटी राहिलेली बाई सकाळी उठून काठी घेते, भूशिराच्या टोकाला जाते आणि एका डॉगबेरीच्या झाडाभोवतीचं जुन्या जाळ्याचं कुंपण आवळत बसते. लोक तोंडावर काही बोलत नव्हते. बोलत नव्हते, हेच तिला नवल वाटायचं.

झाड तसं काही देखणं नव्हतं. खडकाच्या फटीत मूठभर माती, वर खारा वारा, त्यात पुरुषभर उंचीची तीन वेडीवाकडी खोडं. साल गुळगुळीत, राखाडी. कळ्या डिंक चोपडल्यासारख्या चिकट. एकेका देठावर तेरा नाहीतर पंधरा पानं, पिसाच्या दोन अंगांसारखी समोरासमोर. बाकीची झाडं फुलून मोकळी झाली की जुलैत याला कुठं जाग यायची, मग पांढऱ्या फुलांचे गुच्छ. सप्टेंबरात वाटाण्याहून थोडी मोठी लालभडक फळं. ती बर्फ पडला तरी झाडावरच. समुद्रातून मैलभरावरनं दिसायची.

दिसायची, म्हणूनच तर सगळं झालं.

खाडीच्या तोंडाशी पाण्याखाली एक खडक आहे. त्याला गावात थेरडी म्हणतात. भरतीला ती झाकून बसते. तिला चुकवून आत यायचं तर पुरुषांची एक खूण ठरलेली होती: भूशिरावरची डॉगबेरी चर्चच्या मनोऱ्याच्या बरोबर खाली आणायची आणि नाकासमोर सरळ यायचं. ही खूण बाप पोराला सांगायचा. बायकोला कोण सांगतंय? तिला कुठं होडी हाकायची होती!

एकतीस वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरात ड्रुसिलाचा नवरा इसाव धाकट्या भावाबरोबर तीन आठवडे बाहेरच्या पाण्यात गेला होता. घरात सरपण संपलं. अंगावर तीन महिन्यांची पोर. दोन मैल रानात जायचं कसं? टोकावरची डॉगबेरी अर्धी वाळलेली, पोटातून किडलेली. तिनं कुऱ्हाड घेतली आणि झाड आडवं केलं. आठ दिवस चूल पेटली. चाळीस पावलांवर पाखरांच्या विष्ठेतनं उगवलेली दुसरी डॉगबेरी होती, तिला जोराचं फळ धरलं होतं. तिला हात लावला नाही. ओलं लाकूड धूर फार करतं.

इसाव परत आला तेव्हा बुरबुर पाऊस होता. त्याला लाल दिसलं. ते लाल त्यानं मनोऱ्याखाली आणलं. ते चाळीस पावलं बाजूचं लाल होतं.

धाकटा एलायकिम वाचला, पायाची दोन बोटं थंडीनं गेली. इसाव चार दिवसांनी सापडला. मयताला जमलेल्यांत एक म्हातारा पुटपुटला, "डॉगबेरी चुकली त्याची." ड्रुसिलानं ते ऐकलं आणि तिला कळलं, आपण चुलीत घातली ती पुरुषांची खूण होती. त्या वसंतात तिनं पिठाच्या पोत्यातून परड्यातली माती नेली आणि जुन्या बुडख्याशेजारच्या फटीत रोप लावलं. ते खाऱ्या वाऱ्यानं जळलं. दुसरं मूसनं, त्या घोड्याएवढ्या रानहरणानं, खाल्लं. तिसरं बर्फानं मोडलं. चौथं हे. कुणी विचारलं तर म्हणायची, "मुरंब्याला फळं नकोत व्हय?"

आणि आता एलायकिम कागद घेऊन दारात उभा होता.

"वहिनी, चहा टाक. आज सही घेतल्याबिगर उठत न्हाई."

"मग बस जलमभर. आंथरूण देते."

"आगं, पाद्रीसुदिक चालला. आता इथं राहून तू काय सीलमाशांना प्रार्थना शिकवणार हायस?"

"तुझ्यापेक्षा लवकर शिकतील ती." तिनं कप आदळला. "तुमी उन्हाळ्यात माशासाठी हिथंच येणार का न्हाई?"

"येणार. आपलं पाणी कोण सोडतंय?"

"मग मी गेल्यावर झाडाकडं कोण बघंल? मूस आठ दिसांत साल सोलून खाईल. मग आत कसे येशीला? थेरडीला ईचारून?"

 एलायकिमनं कप खाली ठेवला. मग म्हणाला, "वहिनी, आमी त्या झाडावरनं येत न्हाई."

"म्हंजे?"

"त्या सालापास्नं न्हाई. पलीकडच्या कड्यावर चुना फासलाय न्हवं? त्यो धरून येतो. समदे."

कड्यावरचा पांढरा पट्टा ती रोज बघत होती. वाटायचं, पाखरांनी घाण केलीय.

"समद्यांना ठावं व्हतं?"

"बुडख्यावर कुऱ्हाडीचा घाव व्हता. वारं असं तोडत न्हाई."

"आन मी काठी घेऊन मूसमागं पळायची, तवा हसत व्हता व्हय रं मेल्यांनो?"

"कुनी हसलं न्हाई."

"सांगितलं का न्हाईस?"

"काय सांगायचं व्हतं?" त्यानं टोपी हातात फिरवली. "तुला तेवढंच राहिलं व्हतं."

ड्रुसिला उठली, चुलीत लाकूड सारलं.  मग नसलेली धूळ पुसावी तसे हात झग्याला पुसले आणि म्हणाली, "दे कागद."

गाव उठलं त्या सकाळी ऊन होतं. खाडीबाहेर पडताना एलायकिमनं सुकाणू नेहमीपेक्षा जरा जास्तच वळवलं. "वहिनी, मागं बघ."

ती नको नको म्हणत वळली. झाड मनोऱ्याच्या बरोबर खाली उभं होतं, सरळ रेषेत. होडीच्या उजव्या अंगाला, लांब, थेरडीवर पाणी फुटत होतं.

"बरोबर लावलंयस," तो म्हणाला.

"आता सांगतोयस, मुडद्या," ती म्हणाली आणि तोंड फिरवलं.

पुढल्या जुलैत तो जुन्या पाण्यात मासे धरायला गेला, दोन आठवड्यांनी परतला. ड्रुसिला नव्या घराच्या पायरीवर बटाटे सोलत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "झाड?"

"झाड का? झ्याक हाय!" एलायकिम घाईनं म्हणाला. "लालभडक फळांनी वाकलंय नुसतं."

तिचा हात थांबला. जुलै चालू होता. हिरवं फळसुद्धा अजून धरायचं होतं.

"बरं झालं," ती म्हणाली, आणि पुढचा बटाटा उचलला.